म्हशीचं काय झालं?

गजभिये सरांना तुम्ही "आज गुरुवार आहे" म्हटलंत, तरी ते मान तिरकी करून विचारायचे, "कसं माहीत?" भांडायला नाही, अगदी मनापासून. आपण कॅलेंडर पाहिलं की शेजारणीला विचारलं, हे त्यांना खरोखर हवं असायचं. चहात साखर कमी आहे, कसं माहीत? मुख्याध्यापक रजेवर आहेत, कसं माहीत? एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, एकच इतिहास शिकवत मी या माणसाशेजारी अठरा वर्षं काढली आणि तरी माझं डोकं ठिकाणावर आहे. याचं श्रेय माझ्या माहेरच्यांना द्यावं.

मला स्वतःला असले प्रश्न पडत नसत. मला थेट उत्तरंच पडत. माझ्या वर्गात जगातल्या प्रत्येक घटनेला पाच कारणे होती. फ्रेंच राज्यक्रांतीला पाच, अठराशे सत्तावन्नला पाच, पहिल्या महायुद्धालाही पाच. कारण प्रश्न पाच गुणांचा असे. एखाद्या मुलीने सहावं शोधून आणलंच, तर मी त्यावर लाल रेघ मारायची. दिवाळीच्या आत पोर्शन संपवायची आणि शाळाभर मिरवायची. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम पंचावन्न वर्षांची.

मग शाळेत प्रोजेक्टर आला आणि सरांना चार-चार मिनिटांचे व्हिडिओ करायचं वेड लागलं. लकडगंजातल्या आरा मशीनवरून पिशवीभर भुसा आणि लाकडाचे तुकडे आणायचे, घराच्या गच्चीवर मांडायचे, मोबाइल स्टुलाला सुतळीने बांधायचा. भुशाचं अरबस्तान, तुकड्यांचं रोम आणि रेशीम मार्ग म्हणून बायकोच्या जुन्या पातळाचा काठ. आवाज माझा. "तुमचं मराठी कडक इस्त्रीचं आहे, बाई," असं म्हणाले, आणि मी ती स्तुती समजले.

चार मिनिटांच्या व्हिडिओला चार रविवार लागत. मी वाचायची, "हे ऐकून बादशहा संतापला." सर मोबाइल बंद करायचे. कसं माहीत? मी म्हणायची, त्याच्या दरबारातल्या माणसानं लिहून ठेवलंय. "मंग तसंच सांगा न जी. पगार घेणाऱ्या माणसानं लिवलं का बादशहा संतापला." उन्हात उभं राहून मी तसं वाचायची, तेवढ्यात खालून भंगारवाला ओरडत जायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

शेवट तर त्याहून भयंकर. प्रत्येक व्हिडिओ ते एका प्रश्नावर तोडायचे. उत्तर नाहीच. पालकांचे फोन यायचे की व्हिडिओ अर्धवट आलाय, पुढचा भाग पाठवा. मी चिडायची. त्यावर सरांचं ठरलेलं वाक्य असे, "उत्तर मीच देऊन राहिलो तं पोट्टे काय करतीन?" मी म्हणायची, परीक्षा लिहितील. "ते तं तुमी करून घेताच," असं म्हणून ते भुसा झाडायला लागायचे.

मी निवृत्त झाले तरी सुटका झाली नाही. एके दिवशी सर घरी आले. त्यांना छप्पन सालच्या धम्मदीक्षेवर व्हिडिओ करायचा होता. त्यांची आई, नवी नवरी असताना, नरखेडकडच्या गावाहून त्या दिवशी नागपूरला आली होती. आता ती ऐंशीच्या पुढं गेली होती, नातवांची नावं विसरत होती. मुलाने विचारलं की म्हणायची, तू तर शिकलेला, तुले काय सांगू. बाईमाणसाला कदाचित सांगेल, असं सरांना वाटत होतं. "हे एक राहून गेलं न बाई, तं बाकीचं सारं मी लोकाइच्या मायचंच सांगितलं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं होतं. मी पदर खोचून तयार झाले.

एसटीने त्यांच्या गावी गेलो. सरांच्या आई, म्हणजे आजी, अंगणात बाजेवर बसल्या होत्या, बोलायला राजी होत्या, पण शेजारच्या मोसंबीच्या बागेतला पंप धडधडत होता. या आवाजात व्हिडिओ होणार नाही, असं सर म्हणाले. लाइन जाईपर्यंत थांबायचं ठरलं. अख्खा तालुका वीज यायची वाट पाहतो, आम्ही दोन शहाणे ती जायची वाट पाहत बसलो. दुपार उलटली. परतीची शेवटची बस पाचची. पंप थांबला तेव्हा सव्वाचार झाले होते आणि माझं सगळं लक्ष घड्याळात.

आजी सांगू लागल्या. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून सासऱ्याची दोन धोतरं जोडून नेसल्याचं सांगितलं. मैदानात माणसांशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणाल्या. मग गावी परत आल्यावरचं आलं.

"घरचे देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आलो. पन मंग मले लय भेव वाटलं वं बाई. म्हटलं, आता आपली म्हैस आटन. रातभर डोळा नाही लागला. सकाळी उठली, दूध काढाले बसली..."

आणि इथे मी मध्ये बोलले. शपथेवर सांगते, मी चांगल्याच हेतूनं बोलले. "आजी, भीतीचं अन् म्हशीचं राहू द्या. समता, स्वाभिमान, असं सांगा ना. कारणे."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला, वर्गातल्या मुलीसारख्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हो. समता. स्वाभिमान." मी कॅमेऱ्याआडून बोटं दाखवत गेले, त्या म्हणत गेल्या. पाच झाली. बसही मिळाली. छान झालं नाही का, असं मी बसमध्ये दोनदा म्हणाले. सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी "कसं माहीत?" विचारलं नाही, तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं.

त्यानंतर ते तीनदा एकटे गावी गेले. तिन्ही वेळा आजींनी पाच कारणे सांगितली. म्हशीचं सांग न माय, म्हटलं तर म्हणाल्या, "म्हशीचं इतिहासात नसते म्हने. त्या बाई म्हनल्या." त्या हिवाळ्यात आजी गेल्या.

सरांनी व्हिडिओ केला आणि माझा आवाज कापला नाही. आजी म्हशीपाशी येतात, माझा इस्त्रीचा आवाज घुसतो, आजी ताठ बसतात. मग सर स्वतः समोर येऊन विचारतात, "सकाळी माय दूध काढाले बसली. म्हशीचं काय झालं, हे आपल्याले आता कधीच माहीत होनार नाही. काहून?" बस, संपलं. मी फोनवर भांडले. माझा आवाज काढा म्हटलं. "काहून काढू? तुमी होत्या न तिथं," एवढंच ते म्हणाले.

चार महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. एकदा बेल वाजली, जाळीतून ते दिसले, तशी मी आतून सांगितलं की मी घरी नाही. बाहेरून शांतपणे आवाज आला, "कसं माहीत?" काय करणार, दार उघडलं. चहा प्यायले, साखरेबद्दल काही बोलले नाहीत. माझी चूक झाली, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "मोबाइल माह्याच हातात होता, बाई. मी तुमाले थांबवू शकलो असतो. मले बी बस पकडायची होती."

सर दोन वर्षांपूर्वी गेले. हृदयाचं दुखणं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझी आठवीतली नात शाळेतून आली आणि दप्तरही न काढता सांगू लागली. वर्गात एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक खवचट बाई मधेच बोलते, सगळ्या मुलांना तिचा राग आला. मी तिला एकदाही न अडवता सगळं ऐकून घेतलं. या वयात का होईना, शिकले. मग तिने मान तिरकी केली.

"आजी, ती बाई तूच ना?"

"कसं माहीत?"

"आवाजावरून."

पुरावा चोख होता. मी मान डोलावली.

"मग सांग ना, म्हशीचं काय झालं?"

दूध भरभरून आलं, आजी निर्धास्त झाल्या, असं छान उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. इस्त्री केलेलं, पाच गुणांचं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी सांगू दिलं नाही."