दोन खाटा शिल्लक

दानेश्वरी मूळची नेसरीकडची. भांडण मराठीत आणि समजूत कानडीत, अशा घरात वाढलेली. कोल्हापुरात इंजिनिअर झाली. बरोबरीच्या मुली पुण्याला गेल्या, ही मात्र राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत लागली आणि तिथंच रुळली. काम पायथनमध्ये वेबसाइट बांधायचं, पण तिची ओळख होती बंद पडलेल्या साइट उठवणारी म्हणून. निकालाच्या दिवशी कॉलेजची साइट झोपू दे, नाहीतर लग्नसराईत साडीच्या दुकानाची, लोक हिलाच फोन करायचे. ती फार बोलायची नाही. सर्व्हरच्या नोंदी वाचत बसायची आणि चहा येईपर्यंत दुखणं कुठं आहे ते तिला कळलेलं असायचं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या पोरांनी मदत केंद्र काढलं. त्यांचा म्होरक्या धैर्यशील. फुटबॉलचा गोलकीपर, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. तो दानेश्वरीकडं आला तेव्हा मात्र त्याचा आवाज बसला होता.

"ताई, लोकं पेशंट गाडीत घालून दवाखाने हिंडायला लागल्यात. ऑक्सिजनची खाट कुठं शिल्लक हाय, एवढंच दाखवणारी साइट करून द्या. आकडे आमी काढतो की."

दानेश्वरीनं जँगोमध्ये साइट करून दिली. पायथनवाल्यांचा हा तयार सांगाडा. त्यावर काम पटकन उभं राहतं. आकडे भरायला वर्षाराणी होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, दवाखान्यांतल्या सिस्टर ओळखीच्या, त्यामुळं तिचा फोन उचलला जायचा. खाट भरली की वर्षाराणी आकडा बदलायची, आणि जिल्हाभर मोबाइलवर तो दिसायचा.

आठवडाभरात साइटचा पत्ता गावोगावच्या ग्रुपवर पोचला आणि साइट गुदमरली. सकाळी पान उघडेना. धैर्यशीलनं सर्व्हर मोठा घ्यायला लावला, तरी तेच. दानेश्वरीनं नोंदी उघडल्या. दुखणं तिच्याच हातचं होतं. एक पान दाखवायला प्रोग्रॅम प्रत्येक दवाखान्यासाठी डेटाबेसकडं वेगळा हेलपाटा घालत होता. थोडी माणसं होती तोवर हे कळलं नाही. हजारोंनी आल्यावर डेटाबेसच्या दारातच गर्दी तुंबली. तिनं सगळे हेलपाटे एकात आणले. साइट चालू झाली, पण दोन दिवसांनी गर्दी आणखी वाढली आणि पुन्हा धापा टाकायला लागली.

मग तिनं दोन गोष्टी केल्या. प्रोग्रॅमचे एकाऐवजी चार वर्कर, तेच काम करणारे चार गडी, बसवले, म्हणजे येणारी माणसं चौघांत वाटली जातील. आणि पान एकदा तयार झालं की त्याची प्रत वर्करनं आपल्याजवळ ठेवायची, येईल त्याला तीच द्यायची. डेटाबेसला पुन्हा त्रास नाही. प्रतीची मुदत तिनं तासाभराची ठेवली. वर्षाराणीनं आकडा बदलला की जुनी प्रत लगेच पुसली जाईल अशी सोय केली होती, मग मुदत लहान कशाला? लॅपटॉपवर तपासलं. आकडा बदलला, प्रत पुसली, नवा आकडा आला. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी बरोबर.

साइट पळायला लागली. धैर्यशीलनं फोन केला. "ताई, वाचवलंसा बघा." दानेश्वरीला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

चार दिवसांनी, दुपारी, मदत केंद्राचा फोन वाजला आणि पलीकडून एक माणूस नुसता ओरडत राहिला. पेठ वडगावचा केरबा, पिठाची गिरण चालवणारा. बायको चिमणाबाई, तिचा ऑक्सिजन उतरत चाललेला. सकाळी साइटवर कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात दोन खाटा शिल्लक दिसल्या म्हणून तो तिला जीपमध्ये घालून निघाला. दवाखान्यात पोचला तर खाटा तो निघायच्या आधीच भरलेल्या. गेटवर हातापाया पडून होईपर्यंत चिमणाबाई जीपमध्येच गेली.

"तुमच्या कंप्युटरनं मारली माझी बायकू," तो म्हणाला आणि फोन आपटला.

केंद्रात सगळ्यांच्या नजरा वर्षाराणीवर गेल्या. आकडे भरणारी तीच.

"मी बदललेला आकडा," ती म्हणाली. "सकाळीच. सिस्टरनं सांगितल्याबरोबर शून्य केलं."

"मग त्याला दोन कसं दिसलं?" धैर्यशील म्हणाला. "दमलीस, इसरली असशील. कबूल कर की, कोण खातंय तुला?"

वर्षाराणीचा चेहरा उतरला. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि मोबाइलवर सकाळचे आपले फोन पुन्हा पुन्हा बघत राहिली. संध्याकाळी तिनं दानेश्वरीला फोन केला. आवाजात रडूसुद्धा उरलं नव्हतं.

"ताई, मी खरंच बदललेला का, एवढं बघून सांगा. आता माझाच माझ्यावर इश्वास न्हाय राहिला."

दानेश्वरीनं डेटाबेस उघडला. आकडा सकाळीच शून्य झालेला होता. वर्षाराणीचं खरं होतं. मग तिनं स्वतःच्या मोबाइलवर साइट उघडली आणि एका दुसऱ्या दवाखान्याचा आकडा बघितला. तीन. पान पुन्हा उघडलं. एक. पुन्हा उघडलं. तीन.

लॅपटॉपवर तपासताना प्रोग्रॅमचा एकच वर्कर असतो. सर्व्हरवर चार होते, आणि प्रत्येकाची प्रत त्याच्या स्वतःच्या मेमरीत. वर्षाराणीनं आकडा बदलला की तो निरोप ज्या एका वर्करकडं गेला त्यानं आपली प्रत पुसली. बाकी तिघांना पत्ताच नाही. ते आपापल्या प्रतीची तासाभराची मुदत संपेपर्यंत जुनंच वाटत बसले. गर्दी सांभाळायला केलेल्या दोन गोष्टी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि मिळून हे असं.

तिनं आधी प्रती बंद केल्या. साइट लगेच जड झाली. मग चारही वर्करसाठी मिळून बाहेर एकच प्रत ठेवायची सोय केली, त्यातून वाचायचं, तिथंच पुसायचं. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं. काम काही मोठं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तालमीत गेली आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

"वर्षाराणीची चूक नाही. तिनं आकडा बदलला होता. माझ्या प्रोग्रॅमनं काहींना नवा दाखवला, काहींना जुना. चार दिवस."

धैर्यशील तिला बाहेर घेऊन आला.

"ताई, आता दुरुस्त झालंय न्हवं? मग बाहेर बोलू नका. लोकांचा इश्वास उडाला तर साइट बघायचीच बंद हुतील. परत दारोदार फिरतील. त्यात किती मरतील, ते कोण मोजणार?"

"आणि ह्या चार दिवसांत निघालेली माणसं? त्यांना सांगायचं नाही?"

"सांगून परत येत्यात व्हय ती?"

तरी घरी येऊन तिनं साइटच्या माथ्यावर मजकूर टाकला: गेले चार दिवस काहींना जुने आकडे दिसले आहेत, चूक आमची आहे, निघण्याआधी मदत केंद्राला फोन करून खात्री करा. तासाभरात केंद्राचे फोन तुंबले. सर्व्हरला वर्कर वाढवता येतात, माणसं कुठून वाढवणार? कितीतरी जणांना फोन लागलाच नाही. धैर्यशील त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागला, आणि तो पूर्ण चुकीचा होता असं तिला कधी म्हणता आलं नाही.

फोनची गर्दी ओसरल्यावर ती स्कूटरवरून पेठ वडगावला गेली. केरबा गिरणीच्या दाराशी बसला होता. गिरण बंद. तिनं आपण कोण ते सांगितलं. तो उठला नाही, बसा म्हणाला नाही.

"मामा, आकडा भरणाऱ्या पोरीची चूक नव्हती. साइट मी केली होती. चूक माझी."

तिनं जमेल तसं सोप्या शब्दांत समजावलं. केरबानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे त्याच वक्ताला दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर खरं दिसत हुतं?"

"हो."

"आनि मला खोटं."

"हो, मामा."

"का?"

जो वर्कर मोकळा असेल त्याच्याकडं माणूस जातो. त्याला दुसरं काही कारण नसतं.

"कारण असं काही नाही," ती म्हणाली.

केरबानं मान हलवली. "आमच्या डॉक्टरनं इचलकरंजीला न्या म्हटलं हुतं. एक खाट धरून ठेवतो म्हटलं. मी म्हटलं, कोल्हापुरात दोन हायत, मोठा दवाखाना हाय." मग तो म्हणाला, "तुमी आलासा, सांगिटलंसा. बरं केलंसा. पण परत येऊ नगा, बाई. तुमाला बघून मला परत सगळं पयल्यापासनं दिसतंय."

ती गेली नाही परत.

पुढं लाट सरली, मदत केंद्र बंद झालं. तालमीच्या पोरांचा सत्कार झाला. दानेश्वरीला बोलावणं आलं, ती नेसरीला आईकडं, आपल्या अव्वाकडं, निघून गेली. अव्वानं विचारलं, "काय झालं गं, हाराला नाही म्हणालीस म्हणे?" तिनं विषय बदलला. वर्षाराणीनं परीक्षा दिली, पास झाली, पण दवाखान्यात नोकरी धरली नाही. भावाच्या औषधाच्या दुकानात बसते. दानेश्वरी अधूनमधून तिथं जाते. दोघी चांगलं बोलतात, घरचं विचारतात. दुकानातला फोन वाजला की वर्षाराणी भावाला हाक मारते. स्वतः उचलत नाही.