निळ्या झाकणाचा डबा

"मैदा?"

"मैदाच."

"अहो, तिथे ठेवू नका! उचला! टेबलावरून उचला आधी!"

"उचलला. आता दिवसभर हातात धरून उभा राहू?"

"हाच... हाच भरता तुम्ही डब्यात? दर वर्षी?"

"मग काय सोनं भरतो? एरवी डबा दुकानातच भरून आणतो, आज तो घरीच विसरलो, म्हणून अख्खा पुडा आणला. त्यात एवढं किंचाळायला काय झालं?"

मावशी मटकन स्टुलावर बसली. मी बदाम सोलत होते. ओला बदाम माझ्या बोटांतून निसटला आणि थेट काकांच्या पायाशी गेला. उचलायला कुणी वाकलं नाही.

आम्हा ज्यूंचा वल्हांडण सण त्याच संध्याकाळी लागणार होता. सणाचे आठ दिवस घरात खमीर चालत नाही. पाव नाही, बिस्किट नाही, गव्हाच्या पिठाचा कण नाही. आणि मावशीच्या घरात कण म्हणजे कण. महिनाभर आधीपासून ती कोटांचे खिसे उलटे करते, काकांच्या चष्म्याचं घर झटकते. परवाच त्यांना दारात अडवून म्हणाली होती, "मिशीत चुरा आहे. तो बाहेर ठेवा, मग आत या."

हॉस्पिटलच्या धोबीखान्यात सव्वीस वर्षं ती धुतलेल्या चादरी तपासतेय. तिथे तिला सगळे 'भिंग' म्हणतात. एकदा मुकादम वैतागून म्हणाला, "अहो, हा डाग नाही, सावली आहे!" मावशीने चादर खिडकीपासून दूर नेली. सावलीही बरोबर गेली. चादर परत हौदात.

अशा बाईच्या वड्यांत मैदा.

या वड्या तिच्या सासूबाईंच्या. बदामाची पूड, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा बलक. थापताना हाताला चिकटू नये म्हणून पाटावर भुरभुरायची पांढरी पूड निळ्या झाकणाच्या डब्यात असायची. हा डबा सणाच्या भांड्यांबरोबर वर्षभर ट्रंकेत बंद. सासूबाई त्यात बटाट्याचं सत्त्व ठेवायच्या. त्या गेल्या, डबा रिकामा झाला आणि काका दुकानात गेले.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"'आईंची पूड भरून आणा.' एवढंच! मी तळाची चिमूट दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, मैदा दिसतोय. म्हटलं, द्या. पांढरं ते पांढरं."

"अकरा वर्षं, अहो!"

"अकरा वर्षं लोक म्हणतायत ना, काय मऊसूत झाल्यात!"

मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकांनी पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"सकाळीच चौदा घरी डबे गेलेत," ती म्हणाली.

"गेले ना? खातील, संपतील. कुणाला कळणार आहे? तुलाच कळलं नाही!"

हे त्यांनी बोलायला नको होतं. मावशी उठली, मोरीवर गेली, हात धुतले. पुसले. परत धुतले.

"खालच्या आजी," ती नळाकडे बघतच म्हणाली. "आठ दिवस लेकीच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत. माझी वडी तेवढी खातात. सकाळी डबा छातीशी धरून म्हणाल्या, तुझ्या हातचं म्हणजे माझ्याच घरचं."

"म्हणून तर सांगतोय, गप्प बस!" काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "ब्याऐंशी वर्षांची बाई ती. आजचा डबा काढून घेशील, अगं, पण मागची अकरा वर्षं तिच्या पोटातून काढणार आहेस का? उगाच कशाला त्या जिवाला घोर?"

मला ते पटलं. खरं सांगते, त्या क्षणी अगदी पटलं. मी म्हटलंही, "मावशी, काकांचं बरोबर आहे. तू मुद्दाम थोडंच केलंस?"

"धोबीखान्यातही कुणी मुद्दाम डाग ठेवत नाही," मावशी म्हणाली.

तिने निळ्या झाकणाचा डबा खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. मग नुकतीच थापलेली वड्यांची परातही. बदाम, पाक, सकाळपासूनची मेहनत, सगळं धपकन. माझ्या तोंडून "अगं!" एवढंच निघालं.

दारामागच्या खिळ्यावरच्या दोन मोठ्या पिशव्या तिने काढल्या. रिकाम्या. पदराला हात पुसत चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" काकांनी विचारलं. "चौदा दारं वाजवणार? आणि सांगणार काय? नवरा गाढव आहे म्हणून? बरं, तसं सांग. पण आजींना? त्यांना काय सांगशील? अगं, बोल की!"

मावशीने दार उघडलं आणि जिना उतरायला लागली. काका पुडा हातात घेऊन उंबऱ्याच्या आत तसेच उभे होते.