आडवा पांगारा

पांगाऱ्याची फांदी छाटली, की त्या हिरव्या वासासरशी मला चोपन्न-पंचावन्न सालची निरवांगीजवळची बोडकी टेकडी आठवते. झाडं लावणाऱ्या मंडळाबरोबर आम्ही लासुर्ण्याच्या पोरी लांब लांब फांद्या डोक्यावर घेऊन ओरडत, घसरत वर चढलो. वर लावणीची शर्यत लागली. आम्ही ऊसवाल्यांच्या लेकी, सरीत उसाची कांडी पुरतात तशा फांद्या आडव्या पुरल्या आणि "जिंकलो!" म्हणून नाचलो. मंडळाचे आबा कपाळाला हात लावून हसले, "आगं पोरींनो, ह्यो ऊस न्हाय! उभ्या लावा." सगळ्या उकरल्या; माझी एक मी हट्टानं तशीच ठेवली. अजून दर शिमग्याला तिथं एका रांगेत चार पांगारे लालभडक फुलतात, ते त्या एका फांदीचे.