भोक नसलेला गोळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कातारी बसतो. खुर्च्यांचे पाय, दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे. लाकूड गोल करायचं तर त्याच्याकडे जावं. डोक्यावर कायम भुसा, त्यामुळे केस पिकले कधी हे कुणाला कळलंच नाही. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं. हा बिनलग्नाचा. का, ते मला विचारा. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं त्याच्या वहिनीकडून गोड बोलून काढलंय.

शाळेतल्या रसायनाच्या बाईंना मुलांना रेणू दाखवायला लाकडी गोळे हवे होते. गोळ्यांना भोकं, भोकांत काड्या, काड्यांनी गोळे जोडायचे.

"सगळ्यांना सारखीच भोकं पाडतो की," कातारी म्हणाला.

"छे हो!" बाई स्टूल ओढून बसल्या. "अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन कितीही असोत, जोडणी ठरते ती सगळ्यात बाहेरच्या कक्षेतल्यांवर. त्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. तिथे आठ झाले की घर भरलं. कार्बनकडे चारच, म्हणून त्याला चार भोकं. ऑक्सिजनकडे सहा, म्हणून दोन. हायड्रोजनचं घरच दोघांपुरतं, त्याला एक."

"कमी पडलेले मग दुसऱ्याचे ओढून घ्यायचे?"

"तसंही करतात काही. पण पाण्यात बघा, ऑक्सिजन आणि हायड्रोजन आपापला एकेक पुढे करतात. ती जोडी मग दोघांची. एकट्याने पुढे करून सहसा भागत नाही."

"आणि तुमच्या यादीतल्या या निऑनला एकही भोक नाही?"

"त्याचं घर भरलेलं. त्याला कुणी नको."

काम तसं आठवड्याचं. ते लांबलं. कधी गोळा खडबडीत, कधी काडी सैल. बाई तपासायला यायच्या आणि दिवे लागेपर्यंत स्टुलावरून उठायच्या नाहीत. दोघांना एकमेकांची ओढ होती हे गल्लीतल्या मांजरांनाही कळलं होतं.

"भावोजी," वहिनी जिन्यातून ओरडायची, "खुर्चीचा पाय बारीक झालाय हो! बाई आल्या होत्या वाटतं?"

हा कान लाल करून पटाशीला धार लावत बसायचा.

मग एका दुपारी बाई आल्या त्या उभ्याच राहिल्या. "मला दुसऱ्या गावच्या शाळेत बोलावलंय. जाऊ का?"

आता सांगा, कातकाम करणाऱ्याला नोकरीचा सल्ला कोण विचारतं? बाईंनी आपला इलेक्ट्रॉन पुढे केला होता. आणि आमच्या या शहाण्याला नेमका तेव्हा विनोद सुचला. समोरचा निऑनचा गोळा उचलून म्हणतो, "मला काय विचारता बाई? मी हा असा. घर भरलेलं."

बाई हसल्या. गोळा त्याच्या मुठीत दाबून म्हणाल्या, "मग हा तुम्हीच ठेवा."

त्याच संध्याकाळी त्याने त्या गोळ्याला भोक पाडलं, काडी बसवली. तसाच नेऊन द्यायचा की नाही? नाही! कच्चं काम हातून कधी गेलेलं नाही ना. पॉलिशचा एक हात दिला, वाळू दिला, घासला, दुसरा दिला, पुन्हा वाळू दिला. गोळा आरशासारखा चमकायला लागला तेव्हा बाईंच्या खोलीला कुलूप होतं.

"ओला दिला असतात तर हाताला डाग पडला असता तिच्या," वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच न हसता म्हणाली. "तिला चालला असता हो, भावोजी."

परवा शाळेतल्या नव्या बाई काही दुरुस्तीला घेऊन आल्या. मी स्टुलावर होतोच. लेथच्या वर फळीवर तो गोळा, काडी बाहेर आलेली, टोकाला काही नाही. खाली निऑन लिहिलेलं पाहून त्या म्हणाल्या, "काका, हे चुकलंय. निऑनला भोक नसतं."

"भोक बरोबर आहे," कातारी म्हणाला. "पाडायला उशीर झाला."

आणि त्याने लेथ सुरू केला, म्हणजे पुढे कुणाला काही विचारता येऊ नये.