उरलेला गडी

गुरुवारी सकाळी सुलभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचा मित्र गेला," एवढेच त्या म्हणाल्या. मी 'निघतो' म्हणून फोन ठेवला. चपला घालताना ध्यानात आले, की चारच दिवसांपूर्वी, रविवारी, दिगूने मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मी पुढच्या रविवारवर ढकलले होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. दिगंबर परब हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो मोठा खेळाडू नव्हता. मीही नव्हतो. आम्ही दोघे सारख्याच योग्यतेचे होतो आणि या एका कारणाने जन्मभर एकमेकांविरुद्ध खेळलो.

हे समजावून सांगायला हवे. वाकोल्यात आम्ही वाढलो तेव्हा खेळाआधी जोड्या पाडल्या जात. दोन कप्तान वेगळे उभे राहत. उरलेल्यांतले सारख्या ताकदीचे दोघे गळ्यात हात घालून लांब जात, कानात नावे ठरवत आणि परत येऊन विचारत, आंबा घेता की फणस? कप्तान एक नाव मागे. ते ज्याचे, तो त्याच्याकडे. जोडीतला दुसरा समोरच्या बाजूला. आंबा कोण आणि फणस कोण हे कप्तानाला ठाऊक नसे, त्यामुळे चांगले गडी एकाच बाजूला गोळा होण्याची सोय नव्हती. जोड्या पाडण्याचे काम दिगूकडे असे. त्याचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, माझे सरकारी कचेरीत कारकून. पण मैदानात त्याची नजर प्रमाण मानली जाई. स्वतःची जोडी तो नेहमी माझ्याशी पाडी. संख्या विषम निघाली तर उरलेल्या गड्यासाठी त्याने नियम केला होता: जी बाजू मागे पडेल तिच्याकडून त्याने खेळायचे, बरोबरी झाली की बाहेर यायचे. पोरे कुरकुरत. दिगू म्हणे, "एकतर्फी मॅच बघायला कुत्रंसुद्धा थांबत नाही रे."

पुढे शाळेमागच्या मैदानावर सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट झाले. दिगू अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होता. संध्याकाळी वाकोल्याच्या क्रीडा मंडळातल्या मुलांना शिकवी. दरवर्षी स्पर्धा होई, वाकोल्यापासून दहिसरपर्यंतचे आठ संघ येत. विजेत्याची ढाल कोण नेणार हे शेवटच्या दिवसापर्यंत सांगता येत नसे, आणि म्हणूनच आसपासच्या गच्च्यांवरही माणसे उभी राहत. मी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कार्मिक अधिकारी होतो. कंपनीचा संघ होता, तो माझ्याकडे होता, आणि त्याला ढाल मिळत नव्हती.

दिगूच्या मंडळात महेंद्र नावाचा एक तरुण होता. सव्वासहा फूट उंच, हात हलका, डोके शांत. असा खेळाडू एखाद्या मैदानाच्या वाट्याला एकदाच येतो. त्याचे वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडली होती. मी त्याला नोकरीचे पत्र दिले. दुसऱ्या दिवशी दिगू कारखान्याच्या कपड्यांतच माझ्या कचेरीत आला. बस म्हटले तरी बसला नाही.

"अरविंद, नोकरी दे त्याला. घरात चूल पेटली पाहिजे. फक्त खेळू दे आमच्याकडून."

मी म्हणालो, कंपनीकडून खेळणाऱ्यालाच ही नोकरी आहे, तसा नियम आहे.  तो, बरं, म्हणाला आणि गेला. नियम मीच लिहिलेला होता.

त्या वर्षी आम्ही सहज जिंकलो. पुढच्या वर्षी मी अंधेरी आणि बोरिवलीच्या संघांतून आणखी दोघांना आणले. सर्व काही रीतसर केले. ढाल चार वर्षे आमच्या कपाटात राहिली. चौथ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मी सहज वर पाहिले, तर गच्च्यांवर कपडे वाळत होते. माणूस एकही नव्हता. तिसऱ्या वर्षी चारच संघ आले होते, त्या वर्षी दोन, आणि मग स्पर्धा भरलीच नाही. मी बांधलेल्या संघाला हरवण्यासाठी कोणी उरले नव्हते. काही वर्षांनी कंपनीने संघ मोडला. ढालीचे काय झाले हे मला माहीत नाही.

दिगू भांडला नाही. माझ्याकडे यायचा थांबला. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर तब्येतीची विचारपूस होई, तेवढीच. अशी वीसएक वर्षे गेली. मी निवृत्त झालो, पत्नी गेली, मुलगी परदेशी स्थायिक झाली. एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दार उघडले तर दिगू.

"सात जण आहोत. आठवा हवाय. बूट आहेत का?"

मी म्हणालो, गुडघे आहेत का ते आधी विचार.

"ते कुणाचेच नाहीत," तो म्हणाला.

त्या रविवारपासून चौदा वर्षे आम्ही खेळलो. धावायचे नाही, उडी मारायची नाही, अर्ध्याच मैदानावर खेळायचे. जोड्या मात्र पूर्वीसारख्याच पडत. दोन म्हातारे गळ्यात हात घालून झाडापर्यंत जात आणि परत येऊन गंभीरपणे विचारत, "रक्तदाब घेता की मधुमेह?" दिगू स्वतःची जोडी पुन्हा माझ्याशीच पाडी. त्याचा नेम शाबूत होता, माझा हात थरथरू लागला होता. ही जोडी आता बरोबरीची राहिली नाही हे त्याला माझ्याआधी दिसले असणार. इतक्या वर्षांत एवढी एकच जोडी त्याने चुकीची पाडली, आणि जाणूनबुजून पाडली. जुन्या गोष्टीचा उल्लेख त्याने केला नाही. मी करायला हवा होता...

खेळानंतर त्याच्या घरी चहा होई आणि टीव्हीवर अमेरिकेतले व्यावसायिक बास्केटबॉल. तिथे तळाशी राहिलेल्या संघांना नवे खेळाडू निवडताना झुकते माप मिळते, याचे त्याला फार कौतुक होते. "आपल्या जोड्यांसारखंच आहे हे," तो म्हणे. पण एखादा अव्वल खेळाडू आधीच बलाढ्य असलेल्या संघात गेला की तो टीव्हीचा आवाज बंद करी. चित्र तेवढे हलत राही. आता सगळ्यांना कळलंय कोण जिंकणार, मग ओरडायचं कशाला, असे त्याचे म्हणणे.

त्या शेवटच्या रविवारी अशीच बातमी होती. दिगू त्या दिवशी खेळला नव्हता. छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणून बाकावर बसून राहिला होता. घरी आल्यावर त्याने आवाज बंद केला. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, खेळाडूचे उमेदीचे दिवस थोडे असतात, त्याला हवे तिथे जाण्याचा हक्क आहे. यावर तो एरवी काहीतरी टोमणा मारून विषय सोडी. त्या दिवशी सोडला नाही.

"जाणाऱ्याला मी कधी काय बोललोय, अरविंद? मी नेणाऱ्याला विचारतोय. त्या चार वर्षांत तुला मजा आली का रे?"

वहिनी चहा घेऊन आल्या. "सुरू झालं का तुमचं परत?" म्हणाल्या. मी कप हातात घेतला आणि, पुढच्या रविवारी सांगतो, म्हणालो.

"लिहून आण," दिगू हसत म्हणाला. "साहेबाला लिहिल्याशिवाय काही सांगता येत नाही."

तेराव्याला महेंद्र आला होता. केस पांढरे, पाठीत किंचित वाकलेला. त्याने सांगितले, की कंपनीत रुजू होण्याच्या दिवशी दिगूच त्याला फाटकापर्यंत सोडायला आला होता. "मी पाय पुढे टाकत नव्हतो. काकांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मान वर करून जा." त्या सकाळी मी कचेरीत फाटकाकडच्या खिडकीशी बसलेलो होतो. मला फक्त महेंद्र दिसला होता.

आता आम्ही सात आहोत. जोड्या पाडायचे काम मंडळींनी माझ्याकडे दिले. दोघे कप्तान होतात, दोन जोड्या पडतात, मी उरतो. एकाने सुचवले, की शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ राहायला आले आहेत, चांगले उंच आहेत, कॉलेजात खेळत; आठवा म्हणून त्यांना आणू. मी म्हणालो, बघू. अजून बोलावलेले नाही.

दिगूने सांगितले होते म्हणून लिहितो: नाही आली. पहिला सामना सोडला तर एकदाही नाही.

रविवारी मी बाकावर माझ्या टोकाला बसतो. त्याच्या टोकाला चेंडूची पिशवी ठेवतो. एक बाजू मागे पडली की उठतो आणि तिच्याकडून उभा राहतो. नेम बहुधा चुकतो. तरीही कधीतरी बरोबरी होते. मग मी बाहेर येतो, आणि पिशवी न हलवता माझ्या जागी बसतो.