शिरीष सरांचं तेल

अंडं तव्याला चिकटलं होतं आणि ते काढायला जनार्दन कालथ्याच्या मुठीवर बुक्क्या मारत होता. जनार्दन म्हणजे पवनानगरजवळच्या त्या कॅम्पसाइटचा कुक. स्वतःला तो शेफ म्हणवून घ्यायचा. कॅम्पसाइटचे मालक संपतराव शेजारी हाताची घडी घालून उभे होते. त्यांची बायको सुनंदावहिनी पोह्यांना फोडणी देत होती, कारण आज नाष्ट्याला अंडी होणार नाहीत हे त्या एकटीलाच कळलेलं होतं.

"बगा म्याडम," संपतराव मला म्हणाले, "तुमच्या कंपनीचा तवा. आता ह्यो ह्या अंड्यासकटच परत न्या."

मी मेटलर्जिस्ट आहे. तळेगावच्या बाजूला एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, थंड झाला की वस्तू बाहेर काढायची. आम्ही वर्षानुवर्षं ट्रकचे ब्रेक ड्रम बनवतो. बिडाचे. बीड म्हणजेच कास्ट आयर्न. मग आमचे डायरेक्टर शिरीष सर सुट्टीत कुठेतरी गेले, तिथल्या हॉटेलात त्यांनी कास्ट आयर्नच्या स्किलेटमध्ये नाष्टा केला आणि परत आल्यावर मीटिंगमध्ये म्हणाले, "हे तर आपणही ओतू शकतो." ओतू शकत होतो, यात शंका नव्हती. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी बिडाचा तवा होता. पण स्किलेट म्हटलं की तोच तवा थोडा खोलगट होतो, त्याला लांब दांडा येतो आणि तो महाग होतो.

कंप्लेंट आली की क्वालिटीवाल्याला गिऱ्हाइकाकडे पाठवायचं हा आमच्याकडचा रिवाज. निघताना शिरीष सर म्हणाले होते, "वसुधा, नम्रपणे सॉरी म्हण. पण माल परत घेऊ नकोस. लोकांना वापरता येत नाही, दुसरं काही नसतं."

खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. बिडाच्या तव्याबद्दलची प्रत्येक तक्रार फिरून एकाच जागी येते. त्याचं सीझनिंग गेलेलं असतं. बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर खायच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो भट्टीत कडक तापवला की तेल तेल राहत नाही, त्याचा काळा, टणक पापुद्रा होऊन लोखंडावर बसतो. असे थरावर थर चढले की अंडं घसरतं आणि गंज लांब राहतो. आमचे तवे भट्टीत असे तीनदा तापवून मगच खोक्यात जातात. निदान तसे जावेत, असं कागदावर आहे.

मी तपासाला सुरुवात केली. तवा दांड्याला धरून लटकवला आणि चमच्याने टकटक केलं. ठण्ण असा घंटेसारखा आवाज आला. तडा गेला असता तर बद्द वाजला असता. ओतकाम ठीक होतं. वरचा काळा थर मात्र जागोजागी उडाला होता आणि मधे नारिंगी गंज होता.

"धुता कसे?" मी विचारलं.

"पावडरनं," जनार्दन ताठ मानेने म्हणाला. "गरम पाणी, पावडर आणि तारेची घासणी. चकाचक."

"रात्री?"

"रात्री टबात भिजत घालतो. सकाळी घासायला हलकं पडतं."

"आणि यात करता काय काय?"

"हाफ फ्राय, आम्लेट, आणि आपली स्पेशल शक्षुका."

"त्ये शुकशुका," संपतरावांनी खुलासा केला. "टमाट्याच्या रश्शात अंडी बुडवत्यात. मुंबईची पोरं फोटू काढत्यात तिचं."

मला हसू आवरेना. खुनी स्वतः येऊन हत्यार टेबलावर ठेवतो, तसंच झालं होतं. मग मी त्यांना समजावून सांगितलं. जरा जास्तच समजावलं. सीझनिंग नवं असताना पावडर आणि तार लावली की ते खरवडलं जातं. बीड पाण्यात भिजत ठेवलं की गंज ठरलेलाच. आणि टोमॅटो आंबट. आंबट पदार्थ बिडात रटरटत ठेवला की थर सुटतो आणि रश्श्याला लोखंडाची चव येते. "आपल्याकडे लोखंडाच्या कढईत कोणी चिंचेची आमटी करतं का?" मी वहिनींना विचारलं.

"न्हाई बाई," वहिनी म्हणाल्या. "मी ह्याला सांगितलं हुतं. पन ह्यो शेफ हाय."

संपतराव जनार्दनकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं.

"जना, तुला मी बोललो हुतो. तवा खराब असंल तर कंपनीची चूक. तू खराब केला असशील तर तुझी. लोकांनी आमच्या नावानं काय काय लिवून ठेवलंय मोबाइलवर. आता तुझ्या गावी कान्ह्याला जा. मी दुसरा माणूस बगतो."

जनार्दनने ॲप्रनची गाठ सोडली. मघाचा ताठपणा पार गेला होता. बायकोचं बाळंतपण जवळ आलंय, हे त्याने मी आल्याआल्या कौतुकाने सांगितलं होतं. मला वाईट वाटलं, पण चूक तर त्याचीच होती. दोन गोड शब्द बोलून निघावं असा माझा विचार होता. शिरीष सर खूश झाले असते.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मास्तरकी अंगात आली की थांबवत नाही. "भाऊ, एक कोरा तवा आहे का? न वापरलेला? कसं असायला हवं ते दाखवते."

खोक्यातला एक शिल्लक होता. वहिनींनी आणून दिला. काळाभोर, तुकतुकीत. मी तो गॅसवर मंद आचेवर ठेवला आणि म्हणाले, "बीड सावकाश तापतं. त्याला घाई करायची नाही. पाण्याचा थेंब टाकला की तो थुईथुई नाचला पाहिजे. मग तेल, मग अंडं."

तवा तापला. थेंब नाचला. आणि मग वास आला.

"ह्यो जनरेटर परत बिगाडला," संपतराव नाक धरून म्हणाले.

"जनरेटर बंद हाय," वहिनी म्हणाल्या. "लाइट हाय की."

आम्ही चौघं त्या तव्याकडे बघत राहिलो. तव्यातून निळसर धूर निघत होता. तो वास मला डोळे मिटून ओळखता येतो. रोज सकाळी आमच्या डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना होतो त्या विभागाच्या, दारातून आत गेलं की तोच येतो. मी गॅस बंद केला. मघाच्या, आता थंड झालेल्या तव्याच्या तळाला, जिथे आमच्या कंपनीची अक्षरं खोल कोरलेली आहेत, तिथे पांढरा टिश्यू पेपर दाबून फिरवला. कागदावर पिवळट, चिकट डाग आला. हुंगला. तोच वास.

ते आरपी ऑइल होतं. रस्ट प्रिव्हेंटिव्ह. ब्रेक ड्रमला गोदामात आणि ट्रकमध्ये गंज लागू नये म्हणून आम्ही ते ड्रम या तेलाच्या टाकीत बुडवून काढतो. पेट्रोलियमचं तेल. ट्रकला ते चालतं. आम्लेटला चालत नाही.

"हा वास आधी आला होता?" मी विचारलं.

मग सगळी हकिगत बाहेर आली. तवे आले त्या पहिल्या सकाळी सगळ्या स्वयंपाकघरात डिझेलचा वास सुटला होता. जनार्दन म्हणाला, वास तव्यांचा आहे. संपतराव म्हणाले, शेडमागे जनरेटर आहे, त्याचा आहे. ती सगळी आम्लेटं फेकली.

"कुत्र्याला घातली," संपतराव म्हणाले. "कुत्र्यानं तोंड लावलं न्हाई."

मग संपतरावांनी लोणावळ्याहून मेकॅनिक बोलावून जनरेटर उघडून घेतला. तेवढ्यात इकडे जनार्दनने सगळे तवे उकळत्या पाण्यात टाकले आणि पावडर लावून तारेने खरडून काढले. आमच्या खोक्यातल्या पत्रकात ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'साबण वापरू नये'. त्याने ते वाचलंच नव्हतं. वास गेला. जनरेटर दुरुस्त झाला, असं संपतरावांनी ठरवलं.

मी खुर्ची ओढून बसले. आमच्या तव्यांवर सीझनिंग नव्हतंच. होता तो आरपी ऑइलचा काळपट थर. जनार्दनने तो खरवडला म्हणून पाहुण्यांच्या पोटात गेला नाही. आणि खरवडल्यावर खाली कोरं बीड राहिलं, त्याला गंज चढणार आणि अंडं चिकटणारच. त्यावर मला मघाशी दिसलेला काळा थर म्हणजे नंतरच्या स्वयंपाकाचं जळकं पुट होतं. त्याने आमचं पत्रक पाळलं असतं तर ते तेल रोज थोडं थोडं आम्लेटात उतरत राहिलं असतं.

मी बाहेर धरणाच्या काठाला जाऊन शिरीष सरांना फोन लावला. पावडर, टोमॅटो, डिझेलचा वास, सगळं सांगितलं आणि मग विचारलं.

"सर, या लॉटच्या वेळी तवे तापवायची भट्टी चालू होती का?"

"नव्हती ना, ब्रेकडाउन होता. पण माल तर जायला हवा होता. मी डिस्पॅचला सांगितलं, तेल लावून पाठवा."

"कुठलं तेल?"

"तेल म्हणजे... तेल."

फाउंड्रीत तेल म्हटलं की एकच तेल. डिस्पॅचवाल्यांनी साहेबांचा शब्द इमानेइतबारे पाळला होता.

"सर, त्यांनी तवे आरपीत बुडवलेत."

"बरं, पण त्या लोकांना कळलंय का ते?" सरांचा पहिला प्रश्न हा होता. "ब्रेक ड्रमला वास येतो म्हणून आजवर कोणी तक्रार केलीये?"

"सर, ब्रेक ड्रममध्ये कोणी आम्लेट करत नाही."

"वसुधा, तू म्हणालीस ना, त्यांनी पावडर लावली, टोमॅटो शिजवला? मग झालं की! तेवढंच सांग आणि ये."

झालं होतं, हे खरंच. गिऱ्हाइकाने गुन्हा कबूल केला होता. कुक निघाला होता. मी गाडीत बसून निघाले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण हाच लॉट लोणावळ्याच्या दुकानांतही गेला होता. तिथून तो घरोघरी जाणार होता, पत्रक नीट वाचणाऱ्या शहाण्या माणसांच्या घरी.

"मी लॉट होल्ड करतेय सर. आणि गेलेला सगळा माल परत मागवतेय."

"कोणाच्या परवानगीने?"

"क्वालिटीच्या. त्या जागेवर तुम्हीच बसवलंय मला."

त्यांनी फोन ठेवला. मी आत गेले आणि संपतरावांना सगळं सांगितलं. तेलाचं नाव, ते कशाला वापरतात, कुठे चुकलं. कोणी आजारी पडलं होतं का, विचारलं. कोणीच नाही.

संपतरावांनी तो डागाळलेला टिश्यू उचलून स्वतः हुंगला. "म्हंजी मी पाव्हन्यांच्या ताटात ट्रकचं तेल वाढणार हुतो?"

"हो. आमच्यामुळे."

"आन तुमी मगाशी घटकाभर आमाला शाळा शिकवली!"

"हो."

"लय अवघड बाई हाय तुमी," ते म्हणाले, आणि मग चांगले कडाडले. माझ्यावर, कंपनीवर, न बघितलेल्या शिरीष सरांवर. मी ऐकून घेतलं. सगळं बरोबरच होतं. दम लागल्यावर ते थांबले आणि बाहेर दगडावर बसलेल्या जनार्दनला त्यांनी हाक मारली. "ये आत. च्या टाक समद्यांना."

जनार्दनने गाठ परत बांधली. त्यानंतर तो माणूस असह्य झाला. "मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, वास तव्याचा आहे. शेफचं नाक असतं म्याडम." मी म्हटलं, नाक चांगलं आहे, पण शक्षुका स्टीलच्या भांड्यात कर आणि तवे रात्री भिजत घालू नकोस. तेवढं त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं.

सगळे तवे मी गाडीत घालून परत आणले. लोणावळ्याच्या दुकानांतलेही आले. भट्टी दुरुस्त झाल्यावर ते कडक तापवून आम्ही वरचं सगळं जाळून टाकलं, घासले, लॅबमधून तपासून घेतले आणि नव्याने खायच्या तेलाचे थर चढवले. मग मी स्वतः ते पवनानगरला पोचवले. जनार्दनला शिकवलं: वापरून झालं की गरम पाण्याने धुवायचं, चिकटलं असेल तर जाड मिठाने घासायचं, आचेवर ठेवून खडखडीत वाळवायचं आणि तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. बोटाला ओशट लागलं तर तेल जास्त झालं. पहिले काही दिवस त्यात कांदा परतायचा, पुऱ्या तळायच्या, घावन करायचं. अंड्याची घाई करायची नाही.

त्या सकाळी पहिलं हाफ फ्राय तव्यात हलकेच फिरलं तेव्हा वहिनींनी टाळी वाजवली. जनार्दनने त्याचा व्हिडिओ केला आणि त्यात मी कुठेही नाही.

शिरीष सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मग एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आम्ही एकदा कोणी न मागता अख्खा लॉट परत घेतला होता. आमची क्वालिटी पॉलिसीच तशी आहे." मी मान डोलावली. पगार त्यासाठीच मिळतो.

तपासणीत मात्र मी एक कलम वाढवलं. तव्यांचा लॉट निघण्याआधी त्यातला कुठलाही एक उचलायचा, डिस्पॅचच्या दारात शेगडीवर त्यात आम्लेट करायचं आणि ज्याने लॉट पाठवायला सांगितला त्याने ते सगळ्यांसमोर खायचं. पहिल्यांदा ती पाळी शिरीष सरांवरच आणली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी नुसतं 'तेल लावून पाठवा' म्हणत नाही. कुठलं तेल, ते आधी विचारतात, आणि मग डबा उघडून हुंगतातसुद्धा.