सहा बेचाळीसची नोंद

आमच्या ऑफिसात कपाटाची किल्ली एका खिळ्याला टांगलेली असायची. ज्याला लागेल त्याने काढायची, काम झालं की परत अडकवायची. पासवर्डचंही तसंच झालं. ते मी होऊ दिलं, याचा राग अजून गेलेला नाही.

कळमनुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवायचो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. घरी कॉम्प्युटर होता, पुस्तकं समोर ठेवून प्रोग्रामिंग शिकलो होतो, म्हणून संस्थेच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. मुलींच्या वसतिगृहाचे प्रवेश तिच्यावरून करायचे ठरले. जागा चाळीस, प्रवेश दहावीच्या गुणांवर. लोकांना दिसतात ती पानं करायला सोपी. खरं काम मागच्या बाजूला असतं: अर्ज साठवायचे, यादी लावायची, कोणाला काय बदलता येईल ते ठरवायचं. ते मी तीन महिने लिहिलं आणि परदेशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं. ऑफिसातली टेलिफोनची लाइन मध्येच तुटायची, म्हणून चढवायला हिंगोलीच्या सायबर कॅफेत जावं लागलं.

तिघांना तीन लॉगिन दिली: हेडक्लार्कना एक, कनिष्ठ लिपिकाला एक, ऑपरेटर बाईंना एक. हेडक्लार्कना ते लागलं.

"काहून सर, आमी चोर हाव का? इतकी वर्षं एका किल्लीवर चाललं, कधी टाचणी गेली न्हाई."

"टाचणीसाठी नाही, कोणी काय केलं ते कळावं म्हणून."

"कळतंच की. चारच तर माणसं हाव."

आठ दिवसांत दोन लॉगिन धूळ खात पडली. ऑपरेटर बाई सकाळी साडेसहाला ऑफिस उघडायच्या, आपल्या नावाने मशीन सुरू करायच्या, आणि दिवसभर सगळे त्याच मशीनवर, त्याच नावाने काम करायचे. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोललो नाही.

ऑपरेटर बाई वारंगा फाट्याजवळच्या एका तांड्यावरून पहिल्या गाडीने यायच्या. नोकरी तात्पुरती, दर सहा महिन्यांनी नवा आदेश. त्यांच्या तांड्यातून ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच बाई.

जुलैमध्ये एक पालक दोन कागद घेऊन आले. सोमवारच्या यादीत त्यांची मुलगी अडतिसावी होती, गुरुवारच्या यादीत ती नव्हतीच. तिच्या खालच्या तीन मुली वर सरकल्या होत्या. दोनदा मोजलं. मुलीचे अठ्ठ्याहत्तर टक्के अडुसष्ट झाले होते.

कोणीही काहीही बदललं की जुना आकडा, नवा आकडा, लॉगिन आणि वेळ यांची ओळ आपोआप लिहिली जाईल, अशी सोय मी केली होती. तिचा मला अभिमान होता. त्या आठवड्याच्या नोंदींचा कागद छापून मी संस्थेच्या सचिवांपुढे ठेवला. बुधवार, सहा बेचाळीस, ऑपरेटर.

"पावणेसातला ऑफिसात कोण असतं?" हेडक्लार्क म्हणाले. "ही एकटी. आता आणखी काय पाहायचं?"

बाईंना बोलावलं. हेडक्लार्कनी कागद त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, पावणेसातला काय करत होतीस. "सर, मी न्हाई केलं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"लॉगिन तुमचं आहे," मी म्हणालो. एवढंच. सगळे तेच लॉगिन वापरतात हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मी ते बोललो नाही. सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. तात्पुरत्या माणसाला काढायला कागदही लागत नाही.

घरी जेवण झाल्यावर तो कागद पुन्हा वाचला. आकडे मी दोनदा वाचतोच. एका ओळीवर अडखळलो. वसतिगृहाची सूचना दुरुस्त केली होती: मंगळवार, तीन पंचावन्न, माझं लॉगिन. ती दुरुस्ती मी मंगळवारीच केली होती, पण पहाटे नाही. दुसरा तास संपल्यावर, नऊ पंचवीसला. वजाबाकी केली. बरोबर साडेपाच तास. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं होतं आणि मी ते आपल्या वेळेवर आणलंच नव्हतं. सहा बेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले की दुपारचे बारा बारा होतात.

शनिवारी सकाळी ऑफिसातली हालचाल नोंदवही काढली. बुधवार: ऑपरेटर, जिल्हा कार्यालय, हिंगोली, निघाल्याची वेळ साडेदहा, परत एक चाळीस. शेजारी हेडक्लार्कची सही.

"म्हंजे आता घड्याळ बी तुमच्या सोयीनं फिरून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी माझी ओळ दाखवली. मग त्यांची सही दाखवली. ते खिडकीकडे बघू लागले.

सचिवांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि समजून घेतले. बाईंना सोमवारी यायला सांगा म्हणाले, मुलीचे गुण जसेच्या तसे करा म्हणाले. मी विचारलं, "आणि बारा बाराला मशीनवर कोण होतं?"

"जाऊ द्या सर. काम झालं ना? आणि हा एवढा इतिहास साठवून ठेवायची गरज काय? पुसून टाका."

शुक्रवारी बाईंवर आलं तेव्हा पाच मिनिटांत निकाल. शनिवारी खुर्चीवाल्यांवर आलं तर जाऊ द्या! नोंदी पुसणार नाही, असं मी लिहून दिलं, त्यावर आवक क्रमांक घेतला आणि पोच खिशात घातली. पण गुण कोणी बदलले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझी नोंद लॉगिन सांगत होती, हात सांगत नव्हती.

रविवारी घड्याळ दुरुस्त केलं. दहा मिनिटं मशीनला हात लागला नाही तर लॉगिन आपोआप बंद होईल असं केलं. सगळ्यांचे पासवर्ड रद्द केले. हेडक्लार्क पुढे वर्षभर तक्रार करत होते की मशीन घडीघडी बापाचं नाव विचारतं.

सोमवारी बाई साडेसहालाच आल्या. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. चूक माझी होती, वेळ मी जुळवायला हवी होती, असं त्यांना सांगितलं. त्या मशीन सुरू होण्याची वाट बघत होत्या.

"सर, तुमची बी ओळ होती की त्याच कागदावर."

"होय."

"पहाटं चारची. मी तवाच वाचली होती." त्या म्हणाल्या, "मला इचारलं, पावणेसातला काय करत होतीस. तुमाला कोणीच न्हाई इचारलं, पहाटं चारला तुमी काय करत होता म्हणून."

पडद्यावर नवा पासवर्ड मागणारी चौकट आली. बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, पदर आडवा धरला आणि मी पाठ फिरवेपर्यंत एकही अक्षर दाबलं नाही.